वाचणाऱ्याचा श्वास

त्र्याव्ना, १४ ऑक्टोबर

प्रिय बोयचो,

लाल मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या पोचल्या का? यंदा मिरच्या मीच भाजल्या, मीच सोलल्या. शेजारच्या मिंकानं फक्त मीठ पाहिलं. डोळे गेले म्हणून बोटं गेली नाहीत. एखादं साल दातात अडकलंच तर शेजारणीच्या नावानं ओरड, माझ्या नाही.

हे पत्रही माझ्याच हातचं आहे. पुठ्ठ्याला ओळीओळीच्या खाचा कापल्यात, त्या खाचेतून पेन चालवायचं. ओळीवर ओळ चढली तर समजून घे. तू बहिरा, मी आंधळी. दोघांत मिळून एक धड म्हातारं माणूस होतं. फोन तुला ऐकू येत नाही, आणि तुझे संदेश ती फोनमधली पत्र्याच्या आवाजाची बाई वाचते तेव्हा मला वाटतं, आगगाडी कुठल्या फलाटावर येतेय ते सांगतेय. त्यापेक्षा पत्र बरं. तुझं पत्र मिंका वाचते, तुझ्या अक्षराला शिव्या घालत वाचते, आणि मला दुप्पट करमणूक होते.

आता कामाचं. ‘चक्कीवरचा सहावा’ सुरू केलीस का? सगळा देश म्हणे तीच कादंबरी वाचतोय, पावाच्या रांगेतसुद्धा तोच विषय. तुझ्याकडे पुस्तक, माझ्याकडे आवाज. मिंकानं फोनवर घालून दिलंय. काय आवाज आहे रे त्या माणसाचा! कुणी जुना नाटकातला नट असावा. अख्खी पाणचक्की, बर्फ, म्हातारीचं खोकणं, सगळं एकट्याच्या गळ्यातून काढतो. मी फुलांचा काढा करून घेते आणि त्याच्यासमोर बसते. हो, समोरच. हसू नकोस.

नियम ठरवून टाकू. आठवड्याला एकच प्रकरण, रविवारी. पुढे पळायचं नाही. लहानपणी बानित्सातलं चीज आधी खाऊन नुसते पापुद्रे माझ्यासाठी ठेवायचास, ते इथे चालणार नाही.

चक्कीवाला मेला, बर्फानं वाट बंद, आत अडकलेली माणसं पाच आणि सकाळी धुतलेले वाडगे सहा. मी आत्ताच सांगते, खुनी तो गुरांचा डॉक्टर. तो बोलायच्या आधी दर वेळी वाचणारा एक श्वास घेतो. बाकी कुणासाठी घेत नाही. वाचणाऱ्यानं शेवट आधीच वाचलेला असतो ना! तो काय लपवणार? श्वासच चहाडी करतो.

तुझी ताई,
नेदा

लोम, ३१ ऑक्टोबर

प्रिय ताई,

श्वास? माझ्या पुस्तकात कुठेही श्वास नाही. लेखकानं लिहिलेला नाही. ही शुद्ध लबाडी आहे, आणि तू पत्त्यांतही अशीच करायचीस.

खुनी शाळामास्तर आहे. दुसरं प्रकरण पुन्हा ऐक. मास्तर बाहेरच्या बर्फातून आत येतो आणि आल्या आल्या शेकोटीजवळ बसून वर्तमानपत्र वाचायला लागतो. अगं, त्याला चष्मा आहे! थंडीतून ऊबेत आलेल्याचा चष्मा धुक्यानं भरतो. निम्मं आयुष्य मी डेकवरून इंजिनखोलीत उतरलोय, दर वेळी काचा पुसायला थांबलोय. हा पुसत नाही. म्हणजे हा बाहेरून आलाच नाही, आधीपासून आतच होता. याला म्हणतात तपास. तुझं ते श्वास मोजणं म्हणजे जोतिषीपणा.

पैज लावू. जो हरेल त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं : ‘तू बरोबर, मी गाढव.’ सत्तर वर्षांत आपल्यापैकी एकानंही हे वाक्य उच्चारलेलं नाही. बघू कुणाच्या नशिबी येतं.

चटणी मिळाली. साल नाही अडकलं.

(मिंका, इथून पुढचं तिला वाचून दाखवू नकोस. आधी नुसतं डोळ्यांनी वाच. चटणी मी चाखलीसुद्धा नाही, अन्न पोटात राहत नाही. डॉक्टरनं पाटीवर लिहून दाखवलं, बहिऱ्याला दुसरं कसं सांगणार? पोटात गाठ आहे आणि ती पसरली आहे. हा हिवाळा, एवढंच लिहिलं. मला आता कापाकापी नको. ताईला सांगायचं नाही. का ते पुढच्या पत्रात लिहितो, आत्ता हात दुखतोय.)

तुझा,
बोयचो

त्र्याव्ना, १८ नोव्हेंबर

प्रिय बोयचो,

चष्मा काय, धुकं काय! मला गेली चार वर्षं सगळं जगच धुक्यातून दिसतं, म्हणून मी काय चक्कीवाल्याला मारलं? सहाव्या प्रकरणात तुझ्या मास्तरनं म्हातारीला स्वतःचा कोट दिला. खुनी कोट देतो होय? गुरांचा डॉक्टर मात्र ओढ्याकडच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि ‘इथलं पाणी गोठत नाही’ एवढंच म्हणाला. त्याआधी वाचणाऱ्यानं असा श्वास घेतला की माझा काढा गार झाला.

एक विचारते, खरं सांग. तुझं मागचं पत्र वाचताना मिंकानंही तसाच श्वास घेतला. चटणीचं वाक्य झालं, मग गप्प, मग श्वास, मग कागद उलटल्याचा आवाज, आणि लगेच ‘तुझा बोयचो’. एवढं अख्खं पान नुसत्या सहीसाठी? मी म्हटलं, ‘मिंके, मधलं कुठे गेलं?’ तर म्हणाली, ‘शाई सांडलीय हो नेदाताई, तुमच्या भावाला लिहिता येतं कुठे!’ मिंकाला खोटं बोलता येत नाही. बोलली की लगेच उठून माझी भांडी घासायला लागते. परवा धुतलेलीच भांडी तिनं पुन्हा घासली.

काय लपवतोयस? घर विकतोयस? की त्या स्तोइनाशी लग्न करतोयस? मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न करणारा तू काही पहिला नाहीस. मी रागावणार नाही. फक्त तिच्या हातचं सूप पातळ असतं, एवढं ध्यानात ठेव.

नव्या वर्षाला मी लोमला येते. मिंका बसमध्ये बसवून देईल. शेजारी बसून ऐकू. म्हणजे मी ऐकेन, तू वाच.

ताई

लोम, ९ डिसेंबर

प्रिय ताई,

स्तोइनाशी लग्न करण्यापेक्षा मी जहाजाच्या इंजिनाशी केलं असतं. तेही तिच्याइतकंच बडबडायचं, पण निदान बहिरं तरी करून सोडलं त्यानं.

काही लपवत नाही. नव्या वर्षाला येऊ नकोस. घाटात बर्फ आहे, आणि माझ्या घरात छप्पर दुरुस्तीचा पसारा. वसंतात ये. कोट देणारे लोकच जास्त घातकी असतात, हे तुला अजून कळलेलं नाही. मास्तरच. चष्मा विसरू नकोस.

(मिंका, हे तुझ्यासाठी. छप्पर वगैरे काही नाही. मी आता खाटेवरच असतो, स्तोइना येऊन जाऊन करते. तू विचारतेस की ताईला का सांगायचं नाही. तू तेव्हा त्या गल्लीत राहायला आली नव्हतीस. तिचा नवरा मेतोदी गेला तेव्हा तिनं त्याच दिवशी रेडिओ उचलून कोळशाच्या खोलीत टाकला. तीन वर्षं त्या घरात आवाज नव्हता. कुणी गाणं गुणगुणलं तरी दार लावायची. पण तेव्हा तिला डोळे होते. शिवणकाम होतं, बाग होती, खिडकी होती. आता कानांवाचून तिच्याजवळ काय आहे? माझ्यामागे तिनं तो फोनही कोळशात टाकला तर ती नुसती अंधारात बसून राहील. मला मरणाची भीती नाही गं, या एका गोष्टीची आहे. तिला ही कादंबरी पुरी करू दे. एकदा शेवटापर्यंत ऐकायची सवय झाली की पुढची ऐकेल. तोवर माझी पत्रं तू लिही. शेवट ऐकून झाला की मग सांग, शिव्या मला घालायला सांग.

आणखी एक. मी नियम मोडला. शेवटचं पान वाचलं, वेळ पुरणार नाही म्हणून. मास्तरच आहे. मी जिंकलो. तिला कळू देऊ नकोस. उलट माझ्या नावानं पुढच्या पत्रात हेच लिही, माझेच शब्द आहेत, एकही बदलू नकोस : ‘ताई, तू बरोबर, मी गाढव.’ जिंकतेय असं वाटलं तर ती ऐकत राहील. हरतेय असं वाटलं तर तिला मी चांगला ओळखतो, मध्येच बंद करून टाकेल.)

तुझा,
बोयचो

लोम, २० जानेवारी

मिंकाबाई,

मी स्तोइना, बोयचोच्या बायकोची धाकटी बहीण. तो गुरुवारी गेला. झोपेत गेला, उशाशी ते चक्कीचं पुस्तक होतं. शनिवारी पुरलं. वारा इतका होता की मेणबत्ती टिकेना, शेवटी पाद्रीबाबांनी आपल्या झग्याआड धरली.

तुमचं दोघांचं काय ठरलं होतं ते त्यानं मला लिहून दाखवलं होतं. मला पटलं नाही. सख्ख्या बहिणीला न कळवता माणूस पुरायचा, हे कुठल्या धर्मात बसतं? पण मरणाऱ्याचा शब्द, काय करणार. मी तोंड बंद ठेवते.

सोबत निधनाची दोन पत्रकं आणि काळी फीत पाठवते. फोटो जहाजावरचा आहे, टोपी घातलेला. निदान बहिणीच्या फाटकावर तरी पत्रक लागलंच पाहिजे. तिला कुठे दिसणार आहे? पण गल्लीला दिसलं पाहिजे. भाऊ मेला आणि दारावर कागद नाही, असं आपल्यात आजवर कुणाचं झालेलं नाही. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला या.

स्तोइना

लोम, २७ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. माझी तब्येत बरी आहे. छपराचं काम संपत आलं. इथे नदीवरून फार गार वारा येतो. तूही शाल घेत जा, आणि रक्तदाबाची गोळी जेवणानंतर आठवणीनं घेत जा. निसरड्यावर फाटकापर्यंत एकटी जाऊ नकोस.

मी नीट विचार केला. गुरांचा डॉक्टरच असणार. ताई, तू बरोबर, मी गाढव.

आता शेवटची थोडीच प्रकरणं उरलीत. दर रविवारी ऐकत राहा. थांबू नकोस. संपलं की मला कळव.

तुझा प्रेमळ भाऊ,
बोयचो

त्र्याव्ना, १७ फेब्रुवारी

प्रिय बोयचो,

हे पत्र मी पाकिटात घालून मिंकाच्या हातात देईन. ती ते पोस्टात टाकणार नाही. स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून वाचेल. तर मिंके, चष्मा लाव आणि उभ्यानं वाचू नकोस, बस.

कादंबरीत तो तपास करणारा फौजदार शेवटाआधी सगळ्यांना शेकोटीभोवती बसवतो. माझ्याकडे शेकोटीला बसवायला तुझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून तुलाच सांगते.

पहिलं म्हणजे, गेलं पत्र तू घडाघडा वाचलंस. एकदाही अडखळली नाहीस, एक शिवी नाही. बोयचोचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेला उकिरडा. त्याचं पत्र माणूस घडाघडा वाचूच शकत नाही, फक्त स्वतःचंच वाचू शकतो.

दुसरं, गोळी. पंचाहत्तर वर्षांत माझ्या भावानं मला गोळी घे म्हटलेलं नाही. त्याला वाटतं औषध घेणारे लोक आळशी असतात. आणि ‘प्रेमळ भाऊ’! अगं, तो आईच्या थडग्यावरच्या दगडावरसुद्धा ‘मुलगा’ एवढंच कोरायला निघाला होता.

तिसरं, तो हरला म्हणाला. इथे तर तू फारच घाई केलीस मिंके. बोयचो शेवटच्या पानापर्यंत भांडला असता, पान संपल्यावर पुठ्ठ्याशीसुद्धा भांडला असता.

तरीही मी स्वतःची समजूत घालत होते. म्हटलं, हात मोडला असेल, कुणाकडून लिहून घेतलं असेल. पण बर्फ पडला. बर्फात पाय वाजतात. मी खिडकीशी बसून ऐकत होते, आणि गल्लीतून जाणारा प्रत्येक पाय माझ्या फाटकाशी थांबत होता. पाववाली थांबली. शाळेतली पोरं ओरडत आली, फाटकाशी गप्प झाली, पुढे गेल्यावर पुन्हा ओरडली. आपल्या गावात बंद फाटकासमोर माणूस कशासाठी थांबतो? दारावर कागद असला तरच. नाव वाचायचं, वय पाहायचं, क्रूस करायचा, पुढे जायचं.

मी काठी घेऊन गेले. प्लास्टिकचं पाकीट, चार टाचण्या, वर फीत. आधी क्षणभर वाटलं माझंच आहे, मीच मेले आणि मला कुणी कळवलं नाही. हसूसुद्धा आलं. मग फोटोवर बोट फिरवलं. फोटो सपाट असतो गं. नाक कुठे, डोळे कुठे, काही लागत नाही. किती वेळ मी तो कागद चाचपत होते मला माहीत नाही. पण माझ्या फाटकावर यायला आता एकच नाव उरलं होतं.

तू खोटं लिहिलंस, खोटं वाचलंस, सगळं निभावलंस, आणि कागद मात्र लावलास. लावल्यावाचून तुला राहवलं नाही. बरं केलंस. नसता लावलास तर मी तुला कधीच माफ केलं नसतं.

शेवटचं प्रकरण मी ऐकलेलं नाही. ऐकणारही नाही. त्या माणसाचा आवाज नको मला आता. फोन कोळशाच्या खोलीत ठेवायला निघाले होते, दाराशी पाय घसरला म्हणून परतले. ऐकून सांगू कुणाला?

चाळिसावा कधी आहे? थडग्यावर वाटायचे गहू मी उकडेन. मला घेऊन चल.

नेदा

त्र्याव्ना, १ मार्च

प्रिय बोयचो,

जाऊन आले. तुझ्या क्रूसाला वसंताचा लाल-पांढरा दोरा बांधला, शोकात बांधत नाहीत म्हणून स्तोइना कुरकुरली, पण दर एक मार्चला मी तुला तो पाकिटातून पाठवत आले, यंदा काही दिवस आधी हातानं दिला. गहू सगळ्यांना वाटले, मातीवर वाइन ओतली. स्तोइनानं सूप आणलं होतं. अजून पातळच आहे.

मग मिंकानं पिशवीतून माझा फोन काढला. मी म्हटलं, ‘हे कशाला आणलंस?’ ती म्हणाली, ‘नेदाताई, शिव्या नंतर घाला. आधी शेवट ऐका. त्यांची तेवढी एकच मागणी होती.’ मी नाही म्हणत होते. तिनं माझं काही न ऐकता फोन तुझ्या दगडावर ठेवला आणि लावला.

बोयचो, तू तो आवाज कधी ऐकला नव्हतास. मला एकदम वाटलं, तिथे आता तुझे कान उघडले असतील. म्हणून मग मी बसले. वारा होता, पण तो माणूस वाऱ्यालाही बधला नाही. आम्ही तिघी म्हाताऱ्या बाकावर, हातात गव्हाच्या वाट्या.

मास्तर निघाला. तोच चष्मा. फौजदारानं तुझेच शब्द जवळजवळ म्हटले, आणि मी थडग्यावरच ओरडले, ‘अरे देवा, हा तर बोयचो बोलतोय!’ पलीकडच्या थडग्यावरचे लोक वळून पाहायला लागले असतील.

आणि माझा गुरांचा डॉक्टर? त्याची लेक लहानपणी त्याच ओढ्यात बुडाली होती. दर हिवाळ्याला तो चक्कीवर येऊन त्या पाण्याजवळ बसायचा, बस, तेवढंच. वाचणाऱ्याला ते पहिल्या प्रकरणापासून माहीत होतं, म्हणून तो त्याच्या तोंडचं काही वाचण्याआधी श्वास घ्यायचा. तो दुःखाचा श्वास होता. मी तो पापाचा समजले. मिंकाच्या बाबतीतही मी तेच केलं. मला वाटलं ही काहीतरी चोरतेय. तिला तुझं मरण दर पत्रात माझ्यासमोर बसून, चेहरा तसाच ठेवून, मुकाट्यानं वाचावं लागत होतं.

परतीच्या बसमध्ये तिनं तुझी पत्रं पुन्हा वाचली, या वेळी कंसातल्या मजकुरासकट. अडखळत, तुझ्या अक्षराला शिव्या घालत, मध्येच रडत. रेडिओ, कोळशाची खोली, सगळं. ‘तू बरोबर, मी गाढव’ या वाक्याशी आली तेव्हा मी म्हटलं, ‘हे तुझं होतं ना?’ ती म्हणाली, ‘नाही हो. तेवढंच त्यांचं होतं. एक शब्द बदलायचा नाही म्हणून बजावलं होतं.’

मी तपासात सगळं बरोबर पकडलं रे, फक्त तेवढं चुकले. जे एक वाक्य तुझं असूच शकत नाही असं मला छातीठोक वाटलं, तेच तुझं होतं. शेवट वाचून, जिंकून, मग लिहिलेलं.

फोन कोळशात टाकलेला नाही. बघतोयस ना? टेबलावर आहे. मिंकानं काल नवी कादंबरी घालून दिली, त्याच माणसाच्या आवाजातली. रविवारी लावेन. ती म्हणते, खुनी कोण ते आता ती माझ्याशी भांडून सांगेल. तिला भांडता येत नाही, शिकवावं लागेल.

पैज मात्र पैज. खाचेत पेन धरून, स्वतःच्या हातानं लिहितेय : तू बरोबर, मी गाढव.

उभ्या आयुष्यात एकदाच तू माझ्यापुढे हार मानलीस बोयचो, आणि तीही मी चुकले असताना.

तुझी ताई